दोन काठ्यांची चाल

मंडळाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने इतिहासातला एखादा विषय घ्यावा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा कोणी जिजाबाई घेतल्या, कोणी अहिल्याबाई घेतल्या. राण्यांवर लिहायला शिकलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी आपली काठीचा इतिहास लिहायचा ठरविला. वाचणाऱ्या भगिनींना हसू येईल, पण काठीलाही इतिहास असतो, आणि तो मला फार उशिरा कळला.

आमच्या सासूबाई शेवटची तीन वर्षे उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. आयुष्य चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेलेले. कधी विडीला हात लावला नाही, तरी धुराने छाती भरली. डॉक्टरांनी फुफ्फुसांचा जुनाट आजार सांगितला आणि रोज थोडे थोडे चाला म्हणून बजावले. आमच्या ह्यांनी बाजारातून चांगली मुठीची काठी आणली. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि दाराआड उभी करून ठेवली. म्हणाल्या, "काठी हातात आली की बाईची घरातली सत्ता गेली. लोक म्हणतील, म्हातारी संपली." काठीशिवाय चालवेना आणि काठी धरवेना, म्हणून देवळापर्यंतचे जाणे सुटले, मग अंगणातले सुटले. चालणे सुटले तसा दम जास्तच लागू लागला. काठी मात्र दाराआड तशीच कोरी राहिली.

त्या गेल्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या मुलीने मोबाईलवर मला काही चित्रे दाखविली. गोरी, धट्टीकट्टी बायामाणसे दोन्ही हातांत एकेक काठी घेऊन झपाझप चालली होती. कोणी लंगडत नव्हते, कोणी वाकलेले नव्हते. मी विचारले, हे कसले आजारी? ती म्हणाली, "अगं आई, हा व्यायाम आहे, नॉर्डिक वॉकिंग." पुढचे सगळे तिने इंग्रजीतून वाचून मला अर्थ सांगितला आणि मी वहीत टिपून घेतले. तेच येथे मांडते.

युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा देश आहे. लोकवस्ती अवघी पंचावन्न लाखांच्या आसपास. डिसेंबरात तेथील राजधानी हेलसिंकी येथे सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीननंतर मावळतो. उत्तरेच्या टोकाला तर काही दिवस तो उगवतच नाही. बर्फ इतका की साधे चालता येत नाही. म्हणून तेथील लोक पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात आणि तोल सांभाळून पुढे रेटण्यासाठी दोन्ही हातांत काठ्या धरतात. आज तो खेळ झाला आहे, पण जुन्या काळी शेजारच्या गावी जायचे तरी हीच रीत होती. म्हणजे त्या देशात हातातली काठी हे म्हातारपणाचे चिन्ह कधी नव्हतेच. सहा वर्षांच्या पोरालाही काठ्या असत. आपल्याकडे धनगराच्या खांद्यावरची काठी पाहून त्याला कोणी म्हातारा म्हणत नाही, तसेच ते.

आता उन्हाळ्यात बर्फ वितळला की शर्यतीत उतरणाऱ्या स्कीपटूंची पंचाईत होई. सराव बंद ठेवला तर दंडातली ताकद जाई. म्हणून १९३० च्या दशकापासून हे खेळाडू उन्हाळ्यात पट्ट्या घरी ठेवीत आणि नुसत्या काठ्या घेऊन रानावनांतून, टेकड्यांवरून चालत किंवा पळत. या व्यायामाचे मूळ ते हे. त्यात आजारी माणसाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. तो निव्वळ पैलवानांचा खुराक होता म्हणा ना.

तो खुराक साध्या माणसांच्या ताटात आणला एका शिक्षिकेने, आणि मला हा भाग फार आवडला. लीना यास्केलाइनेन या बाई हेलसिंकीजवळच्या एका शाळेत व्यायाम शिकवीत. १९६६ पासून त्यांनी व्यायामाच्या तासाला मुलांच्या हाती स्कीच्या काठ्या दिल्या आणि त्यांना मैदानावर चालायला लावले. पुढे १९६८ पासून युवास्क्युला या गावच्या विद्यापीठात, जेथे व्यायामशिक्षक तयार होतात, तेथेही त्यांनी हा धडा चालविला. त्यावेळी त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. बाईंनी शाळेत काही नवे केले तर ते शाळेच्या भिंतीतच राहते. १९७९ साली माउरी रेपो या शिक्षकाने स्कीच्या शिक्षणावर लिहिताना काठ्यांनी चालण्याची रीत कागदावर उतरविली, पण तीही खेळाडूंपुरतीच.

यानंतर एक गमतीचा प्रसंग आहे. फिनलंडमध्ये लोकांना मोकळ्या हवेत हिंडायला लावणारी 'सुओमेन लातू' नावाची १९३८ पासूनची जुनी संस्था आहे. १९८८ च्या जानेवारीत तिचा स्कीचा कार्यक्रम ठरला होता, आणि हेलसिंकीत पुरेसा बर्फच पडला नव्हता. आपल्याकडे पाऊस नाही म्हणून पेरणी खोळंबते, तसे त्यांचे झाले. तेव्हा संस्थेचे प्रमुख तुओमो यांतुनेन यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की, पट्ट्या राहू द्या, काठ्या घ्या आणि चाला. लोक खरोखरच चालले. अडचणीतून सुचलेली युक्ती, पण तीच पुढे उपयोगी पडली. साधारण याच सुमारास अमेरिकेतही टॉम रट्लिन नावाच्या गृहस्थांनी काठ्यांनी चालण्याचा असाच एक प्रकार काढून त्यासाठी खास काठ्या विकायला आणल्या होत्या.

शेवटी १९९७ साली तीन गोष्टी जुळून आल्या. सुओमेन लातू ही लोकांची संस्था, विएरुमॅकी येथील क्रीडाशिक्षणाची संस्था आणि एक्सेल नावाचा काठ्या बनविणारा कारखाना. मार्को कांतानेवा या तरुण शिक्षकाने चालण्याची पद्धत लिहून छापली आणि कारखान्याने केवळ चालण्यासाठी म्हणून वेगळी काठी बाजारात आणली. या व्यायामाचा खरा जनक कोण, यावर तेथे मोठे वाद झाले. अशा वादात माझ्यासारखीने पडू नये, पण यादीत त्या व्यायामाच्या बाईंचे नाव पुष्कळदा मागे पडते एवढे मात्र मनात आल्याशिवाय राहिले नाही. फिनलंडच्या भाषेत याला 'साउवाकॅवेली' म्हणतात. साउवा म्हणजे काठी, कॅवेली म्हणजे चालणे. 'नॉर्डिक वॉकिंग' हे परदेशात खपावे म्हणून मागाहून दिलेले नाव. २००० साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटनाही फिनलंडमध्येच निघाली.

पहिल्या पहिल्यांदा तेथेही लोकांनी कमी चेष्टा केली नाही. रस्त्याने काठ्या टेकीत जाणाऱ्याला, "काय हो, स्की घरी विसरलात वाटते?" असे विचारीत. हे वाचून मला सासूबाई आठवल्या. लोकलज्जा सगळीकडे सारखीच, फक्त तेथे ती लवकर ओसरली. काही वर्षांतच लाखो लोक काठ्या घेऊन चालू लागले आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या.

हे एवढ्या लवकर कसे झाले? नुसत्या जाहिरातीने झाले असे मला वाटत नाही. त्या देशाला त्याआधी पंचवीस वर्षे एक मोठा धडा मिळालेला होता. फिनलंडच्या पूर्वेला उत्तर करेलिया नावाचा रान नि दुभत्याचा मुलूख आहे. १९६० च्या दशकाअखेर तेथे हृदयविकाराने कर्ते पुरुष इतके मरत की जगात तो भाग त्यासाठी कुप्रसिद्ध झाला होता. लाकूडतोडे आणि शेतकरी, अंगाने भीमासारखे, पण जेवणात लोणी, साईचे दूध आणि मीठ बेसुमार, वर तंबाखू. चाळिशी-पन्नाशीत गडी कोसळत आणि मागे बायका-पोरे उघडी पडत. शेवटी १९७१ साली तेथील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला की आम्हांला यातून सोडवा. १९७२ मध्ये काम सुरू झाले आणि पेक्का पुस्का नावाचा तरुण डॉक्टर त्याचा प्रमुख झाला.

आता माझ्या मंडळाच्या भगिनींनी येथे जरा थांबून वाचावे. डॉक्टरांनी नुसती भाषणे केली असती तर कोणी ऐकले नसते. ते गेले 'मार्था' संघटनेकडे. ही गृहिणींची संस्था. १८९९ साली, फिनलंडवर रशियाच्या झारचे राज्य असताना, लुसीना हागमान या शिक्षिकेने व तिच्या मैत्रिणींनी ती स्थापन केली. बायबलात पाहुण्यांच्या सरबराईत राबत राहिलेली एक मार्था आहे, तिचे नाव संस्थेला दिले. (ह्याच हागमानबाई पुढे १९०७ साली त्या देशाच्या विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या एकोणीस स्त्रियांपैकी एक.) तर या मार्थाबाईंनी गावोगाव 'दीर्घायुष्याच्या संध्याकाळी' भरविल्या. डॉक्टरांनी थोडे बोलायचे, आणि बायकांनी मिळून रांधायचे. नेहमीचेच पदार्थ, पण लोणी कमी, मीठ कमी, भाजी जास्त. मग सर्वांनी एकत्र जेवायचे. नवऱ्यांनी आधी नाके मुरडली असतील, त्यात संशय नाही. पुढल्या चाळीस वर्षांत उत्तर करेलियातील कामाच्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मरण ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाले. याला तंबाखू सोडणे, रक्तदाबाची औषधे अशीही कारणे होती, पण स्वयंपाकघराचा वाटा मोठा होता.

या कामात काठ्या नव्हत्या, हे मी स्पष्ट सांगते. परंतु आजार हा केवळ डॉक्टरांचा प्रांत नाही, आपण रोज काय करतो यावर तो वाढतो किंवा आटतो, हे त्या देशाला पटलेले होते. म्हणून १९९७ मध्ये काठ्या आल्या तेव्हा त्या धरायला लोक तयार होते, असे माझे आपले मत आहे.

आता काठीचे काम कसे चालते ते सांगते, कारण येथेच आपली समजूत चुकते. आपली काठी टेकण्याची असते. ती पुढे ठेवायची आणि तिच्यावर भार टाकून अंग ओढायचे. ही काठी रेटण्याची असते. डावा पाय पुढे पडताना उजव्या हाताची काठी जमिनीला लागते, तीही पावलाच्या पुढे नव्हे, तर मागे तिरपी. मग ती दाबून हात कमरेच्या मागेपर्यंत न्यायचा आणि तेथे मूठ सैल सोडायची. काठी पडत नाही, कारण मुठीला अर्ध्या हातमोज्यासारखा पट्टा असतो. असे रेटले की दंड, खांदे, पाठ, पोट सगळ्यांना काम मिळते, छाती उघडते आणि मान आपोआप वर येते. एका काठीने माणूस एका अंगाला कलतो, दोन काठ्यांनी सरळ राहतो. काठीच्या टोकाला मातीसाठी पोलादी अणी असते आणि डांबरी रस्त्यासाठी तिच्यावर रबरी टोपण बसविता येते.

अमेरिकेत डल्लास येथील कूपर संस्थेने २००२ साली बावीस स्त्रीपुरुषांना एकदा साधे आणि एकदा काठ्या घेऊन मैदानात चालविले. काठ्यांनी चालताना शरीराला सरासरी वीस टक्के अधिक प्राणवायू लागला, म्हणजे तितके काम जास्त झाले. गंमत अशी की चालणाऱ्यांना आपण जास्त श्रम केले असे वाटले नाही. मात्र कोणाला पाच टक्केच अधिक लागला आणि कोणाला साठाच्याही वर. काठी नुसती हातात लोंबकळत ठेवली तर फायदा नाही, हे त्यावरून कळते.

मग डॉक्टरांनी जुनाट आजारांकडे मोर्चा वळविला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की थोडे चालताच पोटऱ्यांत गोळे येतात. इंग्लंडात शेफील्ड येथे २००८ साली अशा रोग्यांना काठ्या दिल्या, तेव्हा ते पहिल्यांदाच अधिक लांब चालू शकले आणि दुखणेही कमी जाणवले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा खांदा अवघडतो. काठ्यांच्या चालण्याने त्यांच्या खांद्याच्या स्नायूंचा दम वाढल्याचे २००५ मध्ये अमेरिकेतील एका लहानशा पाहणीत दिसले. बायका अवघ्या बाराच होत्या, म्हणून त्यावर फार इमारत उभारू नये, पण अशा आजाराविषयी आपल्यात कोणी बोलतही नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

माझे मन ज्याने धरून ठेवले ती पाहणी ऑस्ट्रियातली, २०१० साली छापलेली. सासूबाईंना होता तोच फुफ्फुसांचा आजार असलेले साठ रोगी घेतले. निम्म्यांना तीन महिने, आठवड्यातून तीनदा, एकेक तास मोकळ्या हवेत काठ्यांनी चालविले. निम्म्यांना तसे चालविले नाही. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो हे मोजण्याची डॉक्टरांची एक साधी परीक्षा आहे. काठीवाल्यांचे ते अंतर सुमारे ऐंशी मीटरने वाढले. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हे लोक एरवीही दिवसाकाठी पंधराएक मिनिटे जास्त चालू लागले आणि त्यांचे बसून राहणे रोजचे दोन तासांनी कमी झाले. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनीही हा फायदा टिकून होता. दोन तास बसणे कमी! आमच्या घरातली ती खिडकीजवळची खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मुलीला म्हटले, जरा थांब, पुढचे उद्या वाच.

२०१३ साली ऑस्ट्रियातीलच डॉक्टरांनी तोवरच्या सगळ्या पाहण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत जवळजवळ एकोणीसशे माणसे होती. विश्रांतीतली नाडी, रक्तदाब, चालण्याची ताकद आणि एकंदर जगण्यातले समाधान, यांत सुधारणा दिसली. जर्मनीत तर आजारविमा मंडळे अशा वर्गांच्या खर्चाचा काही भाग उचलतात. आणि २०२२ साली कॅनडात ओटावा येथील हृदयरोग संस्थेने एकशेतीस हृदयरोग्यांचे तीन गट केले. एकाला जोराचा व्यायाम, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला काठ्यांचे चालणे. बारा आठवडे वर्ग आणि नंतर चौदा आठवडे नुसते लक्ष. शेवटी तीच सहा मिनिटांची परीक्षा घेतली. जोराच्या व्यायामवाल्यांची ताकद तेरा टक्क्यांनी वाढली, मध्यमवाल्यांची बारा, आणि काठीवाल्यांची एकोणीस. तिन्ही गटांची मनाची उदासीही कमी झाली होती.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मी काठ्या विकणारीच ठरेन. काठ्यांनी गुडघ्यावरचा भार तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो असे जाहिरातीत छापतात. डेन्मार्कमध्ये २०११ साली सपाटीवर चालताना यंत्रांनी मोजले, तर गुडघ्यावरचा दाब कमी झालेला आढळला नाही. तोल राहतो, धीर येतो, हे खरे, पण गुडघेदुखी जाईल अशा आशेने कोणी जाऊ नये. मधुमेहाचेही तसेच. स्वीडनमध्ये २०१३ च्या पाहणीत साठीच्या सुमाराच्या वजनदार स्त्रीपुरुषांना चार महिने आठवड्याला पाच तास काठ्यांनी चालायला सांगितले, तेव्हा साखर नसलेल्यांचे वजन आणि कंबर उतरली, साखर असलेल्यांत तसा ठळक फरक पडला नाही. साखरवाल्यांनी चालणे सोडू नये, परंतु गोळ्याही सोडू नयेत. हृदयाचे, दम्याचे किंवा चक्कर येण्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना उभे राहायलाच आधार लागतो त्यांची काठी वेगळी, ही नव्हे.

काठीची लांबी काढण्याचा हिशेब सोपा आहे. आपली उंची सेंटीमीटरमध्ये मोजून तिला ०.६८ ने गुणावे. पाच फुटांच्या बाईला सुमारे १०३ सेंटीमीटर येते. काठी उभी धरली की कोपराचा काटकोन व्हावा, हीच खूण. काठ्या पाच-पाच सेंटीमीटरच्या फरकाने मिळतात, तेव्हा नवशिकीने जरा आखूड घ्यावी. डोंगर चढणाऱ्या मुलांच्या काठ्या दुकानांत असतात, त्यांनी हात बसविता येतो, पण तो अर्ध्या मोज्यासारखा पट्टा त्यांना नसतो, म्हणून मूठ सैल सोडता येत नाही.

मी स्वतः गेल्या दिवाळीपासून मुलीने आणलेल्या जोडीने शाळेच्या मैदानावर चालते आहे. पहिले चार दिवस हात कोणता नि पाय कोणता याचाच मेळ बसेना. मुले हसली. एका आजींनी विचारले, "काय गं बाई, दोन्ही पाय गेले का?" मी हो-नाही काही म्हटले नाही, काठी त्यांच्या हाती दिली. त्या अर्धा फेरा चालल्या. आता त्या सकाळी माझी वाट पाहतात, पण जोडी एकच असल्यामुळे आम्ही आळीपाळीने चालतो. मंडळाच्या शिल्लकेतून १०० आणि १०५ सेंटीमीटरच्या दोन-दोन जोड्या घेता येतील का, याचा विचार कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत करावा. ठेवण्यासाठी आमच्या घरी दाराआडची जागा आहे.